चौकोनांमागचा चेहरा

१

"तू माझ्या लेकाचं तोंड चोरलंस," असं सासू सुनेला म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज राहिला.

मावशीला हे फोनवर कळलं. सांगत होता तिचा भाचा, ताईचा धाकटा मुलगा. "आम्ही दुसरीकडे राहायला जातोय, मावशी. रविवारी टेम्पो सांगितलाय. तू येऊन आईजवळ बस जरा."

"चोरलं म्हणजे काय रे?"

"नेट गं. दादाशी व्हिडिओवर बोलताना तिला त्याचा चेहराच दिसायचा नाही. शेवटचे कितीतरी महिने नुसते चौकोन चौकोन. तिचं म्हणणं, हिच्या ऑफिसच्या मीटिंगांनी घरातलं सगळं नेट खाल्लं. आणि आता दादाच नाही, तर..." 

थोरला जाऊन महिना उलटला होता. तो दूरदेशी, एकटाच राहायचा. लग्न केलं होतं, ते टिकलं नव्हतं. न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत संपला, एवढंच त्याच्या ऑफिसातल्या मित्राने कळवलं. इकडून कुणाला व्हिसा मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. ताईने पोराला शेवटचं पाहिलं ते कॉम्प्युटरवर. आणि पाहिलं असं तरी कसं म्हणायचं?

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर तक्रार विभाग सांभाळला. कुठल्या गल्लीत, कुठल्या खांबावर लाइन मेली आहे हे खुर्चीत बसून, चार प्रश्न विचारून ती सांगायची. भाच्यांनी तिचं नाव 'फॉल्टमावशी' ठेवलं होतं. ती लाइनीतले फॉल्ट काढते आणि उरलेल्या वेळात माणसांतले, असं थोरला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईच्या दारात उभी राहिली. भाऊजी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. "आलीस? बरं झालं," म्हणाले, पण नजर झारीवरून हलली नाही. आत पॅसेजमध्ये खोक्यांची रांग, प्रत्येकावर सुनेच्या गोल अक्षरात 'पुस्तकं', 'काचेचं', 'थंडीचे कपडे'. हॉलच्या कोपऱ्यात तो कॉम्प्युटर, थोरल्याने आईसाठी घेतलेला. ताईच्या डोळ्यांचा पडदा खराब. फोनवरचं तिला दिसत नाही, म्हणून हा भला मोठा स्क्रीन. खुर्चीवर उशी, उशीवर ताई.

मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताई रडली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं आणि तिथे दुसरंच काहीतरी पेटलं होतं.

"रडायला आलीस का?" ताई म्हणाली. "रडून झालंय माझं. तू आयुष्यभर बिघाड शोधलेस ना? मग हा शोध. मला नेट दुरुस्त करून नको. मला नाव पाहिजे."

२

"आधी मला दाखव काय होतं ते," मावशी म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

ताईने थोरल्याचा एक जुना फोटो उघडला. फोटो वरून खाली उतरू लागला, पट्टीपट्टीने. आधी आभाळ. मग बराच वेळ नुसतं आभाळच. मग केस. कपाळापर्यंत येऊन तो थांबला आणि कडेला एक छोटं चक्र फिरत राहिलं.

"अजून असंच?" मावशी दचकली. "तो गेल्यावरही?"

"रोज. पेपर उघडायला घेतला तर भात शिजून होतो."

"कधीपासून?"

ताईने आठवून आठवून सांगितलं. पूर्वी चित्र इतकं लख्ख असायचं, की थोरल्याच्या मिशीतला पांढरा केस तिने इथून दाखवला होता. मग त्याला ताप आला. बरेच दिवस व्हिडिओवर आलाच नाही, नुसता फोन. ताप उतरला, पुन्हा व्हिडिओवर बोलणं सुरू झालं, आणि तेव्हापासून हे असं. आवाज नीट, चित्राचा मात्र चुथडा. "निळा स्वेटर घातलाय एवढं कळायचं. मान हलवली की चौकोन इकडचे तिकडे. मी म्हणायचे, अरे, तू दिसत नाहीस. तो म्हणायचा, आई, तू दिसतेस ना मला, झालं तर."

"तू त्याला दिसायचीस?"

"अगदी! एकदा म्हणाला, आई, हनुवटीला पीठ लागलंय. एकदा म्हणाला, ब्लाउजचं वरचं बटण तुटलंय, लावून घे. पोराची नजर पहिल्यापासून तीक्ष्ण."

 तक्रार विभागात असताना एखादी गोष्ट खटकली की मावशी बोटाने टेबलावर हलकेच टिचकी मारायची. तशी एक टिचकी आत्ता कॉम्प्युटरच्या टेबलावर पडली.

"फोनवर व्हिडिओ नाही केला कधी? धाकट्याच्या फोनवर?"

"फोनवर तो कॅमेरा लावायचाच नाही. रस्त्यात आहे, बसमध्ये आहे, असलं काहीतरी कारण." ताईने स्क्रीनकडे पाहिलं. फोटो अजून कपाळावरच अडकला होता. "मी सांगते तुला काय झालं ते. ही बया दिवसभर दार लावून मीटिंगा करायची. गाळणीत पाणी ओतल्यासारखं सगळं नेट तिकडे जायचं. माझ्या वाट्याला गाळ."

सून आतल्या खोलीत खोकं बांधत होती. मावशीला बघून ती उठली, पण चिकटपट्टी हातातच राहिली.

"पोरी, मी न्यायाधीश नाही," मावशी म्हणाली. "मला फक्त विचारायचंय."

"विचारा. सगळ्यांनी सगळं ठरवलेलंच आहे." मग तिचा आवाज मऊ झाला. "मावशी, माझं काम दिवेलागणीच्या आधी संपायचं. दादांचा फोन जेवणाच्या सुमारास. तरी मी आधी लॅपटॉप बंद करायचे, मग माझा फोन बंद करायचे. शेवटी शेवटी तर मी फोन बंद करून स्वयंपाकघरात नुसती उभी राहायचे, कारण आईंचा आवाज चढायला लागला की मला धडकी भरायची. 'दिसत नाहीस रे, दिसत नाहीस!' मी काही केलं नाही हो. पण रोज ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं, की केलंय."

तिने चिकटपट्टीचं टोक नखाने शोधलं. ते सापडेना.

राहिला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, मुलांना ऑनलाइन गिटार शिकवणारा. घरात त्याला गिटारमास्तर म्हणत. ताईचा दुसरा संशय त्याच्यावर होता: हा गुपचूप आपलं वायफाय वापरतो. मावशी गुडघा धरत धरत जिना चढली.

"काकूंचं नेट मी कशाला घेऊ?" मास्तर कळवळून म्हणाला. "माझी लाइन वेगळी आहे. हा बघा, माझा डबा." खिडकीपाशी त्याच्या राउटरचे दिवे लुकलुकत होते. "उलट माझं नेट बंद पडलं ना, तर थोरले भाऊ तिकडून नीट करून द्यायचे. फोनवर बोलत बोलत, इकडे हे दाबा, तिकडे ते दाबा. त्यांचं कामच ते होतं. जाण्याच्या थोडंच आधी एकदा केलं. आवाज खोल गेला होता, पण बिघाड सापडल्याशिवाय फोन ठेवला नाही."

"तुमचं नेट त्याने नीट केलं," मावशी हळूच म्हणाली.

"हो. का?"

मावशी जिन्यात थांबली. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी होती, आणि या वेळी त्याला गुडघा कारण नव्हता.

३

दुपारी धाकटा घरी आला. कपडेही न बदलता तो कॉम्प्युटरसमोर बसला. दादा गेल्यापासून त्याने दाढी केली नव्हती.

"मी काय काय केलं नाही, मावशी! व्हायरस तपासले. सगळं पुसून नव्याने टाकलं. केबल बदलली, दुसऱ्या भोकात लावून बघितली. कंपनीचा माणूस आला, त्याने याच केबलला स्वतःचा लॅपटॉप लावला. सुसाट! तो म्हणाला, लाइन ठीक आहे, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय."

"म्हातारा झाला म्हणून एका आठवड्यात आंधळा होत नाही कुणी. वेग मोज बघू. आधी तुझ्या फोनवर."

घरच्याच वायफायवर, पण फोनवर आकडा झरझर चढला. मग त्याने तीच चाचणी कॉम्प्युटरवर लावली. काटा जागचा हलेना. खाली उतरणारा वेग, म्हणजे बाहेरून घरात येणारा, गोगलगायीचा. धाकट्याने वैतागून स्क्रीनवरची खिडकी बंद करायला हात नेला.

"थांब! पुढचं होऊ दे."

"पुढचं अपलोडचं असतं. त्याचं काय बघायचं?"

"मला बघायचंय."

दुसरी चाचणी सुरू झाली, घरातून बाहेर जाणाऱ्या वेगाची. काटा एका झेपेत दुसऱ्या टोकाला गेला. धाकटा बघतच राहिला. इतक्या महिन्यांत प्रत्येक वेळी पहिला आकडा बघून त्याने डोक्याला हात लावला होता आणि खिडकी बंद केली होती.

"येणं बंद, जाणं चालू," मावशी म्हणाली. "आता सांग. तुझ्या बायकोने नेट खाल्लं असतं तर तुझा फोनही उपाशी राहिला असता. राहिला का? मास्तरने खाल्लं असतं तरी तेच. केबल खराब असती तर कंपनीच्या माणसाचा लॅपटॉप रखडला असता. कॉम्प्युटर खराब असता तर जाणंही रखडलं असतं. सगळ्या घरात हे एकच यंत्र, आणि त्याचीही एकच दिशा. बिघाड असा निवडून निवडून होत नाही रे. मी जन्मभर बिघाड बघितलेत, बिघाड आंधळा असतो."

"म्हणजे?"

"राउटरमध्ये एकेका यंत्राला वेगाची मर्यादा घालता येते ना? पोरांचे खेळ आवरायला घालतात तशी?"

"येते. पण सेटिंगमध्ये शिरावं लागतं. तो पासवर्ड दादाकडेच होता. तो तिकडूनच सगळं बघायचा. मी म्हटलं होतं, हा राउटर टाकू, कंपनी नवा देतेय. बाबा ऐकेचनात. थोरल्याने बसवलाय, हात लावायचा नाही म्हणाले. बाबा कधी कशाला नाही म्हणत नाहीत, पण त्या दिवशी ओरडले माझ्यावर." बोलता बोलता त्याला सुचलं. "रीसेट करतो! मागे टाचणी दाबली की सगळं पुसलं जातं."

"हात लावू नकोस!" मावशी एवढ्या जोरात म्हणाली, की आतून चिकटपट्टीचा आवाज बंद झाला. मग तिने आवाज उतरवला. "पुसायचं नाही काही. हा बिघाड नाही. हे कुणीतरी विचार करून केलंय."

"कुणी?"

मावशीने मान वळवली. खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. भाऊजी सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत होते.

४

"झाड मरेल," मावशी म्हणाली.

भाऊजींनी झारी खाली ठेवली. कुंडीतून पाणी ओसंडून त्यांच्या चपलांखाली आलं होतं.

"भाऊजी, थोरल्याचा फोन आला की तुम्ही कुठे असायचात?"

"इथेच. मला ते कॉम्प्युटरवरचं बोलणं जमत नाही."

"पूर्वी जमायचं. पूर्वी तुम्ही ताईच्या खुर्चीमागे उभे राहून मध्ये मध्ये बोलायचात, ती चिडायची. मग त्याला ताप आला, आणि तुम्हाला झाडांचं वेड लागलं." ती पायरीवर बसली. "मला पासवर्ड नका सांगू. तो तुम्हाला माहीत असला तरी नको. त्याचं दुखणं काय होतं ते सांगा."

भाऊजींनी हातांवरची माती बोटांनी खरवडली. मग शेजारी येऊन बसले. "पोटाचा कॅन्सर," ते म्हणाले. "कळलं तेव्हाच हाताबाहेर गेलेला. ताप वगैरे काही नव्हतं. न्यूमोनियाचंही त्यानेच मित्राला सांगून ठेवलं होतं."

"आणि तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं."

"मी निघालोच होतो गं. व्हिसाचं बघत होतो. तो म्हणाला, बाबा, तुम्ही आलात की आईला कळेल. विमानाने त्याला इकडे आणणं डॉक्टरांनी नाकारलं. आणि हिच्या डोळ्यांना, हिच्या रक्तदाबाला... तो म्हणाला, तिने मला असं बघायचं नाही. मी म्हटलं, मग कॅमेरा लावू नकोस. म्हणाला, नाही लावला तर ती पहिल्याच दिवशी ओळखेल. आणि मला ती दिसायला हवी, बाबा. मला रोज ती दिसायला हवी." त्यांनी झारी पायाने बाजूला सरकवली. "दुसऱ्या दिवशी म्हणाला, जमवलं मी. तुम्ही फक्त त्या राउटरला कुणाला हात लावू देऊ नका."

"आणि सुनेवर आळ आला तेव्हा?"

"तेव्हा तो जिवंत होता. त्याला शब्द दिला होता."

"आणि तो गेल्यावर?"

भाऊजींनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "तो गेल्यावर सांगितलं असतं, तर हिला दोन गोष्टी कळल्या असत्या. पोरगा महिनोन्महिने झिजत होता, आणि मला ते माहीत होतं. माझी हिंमत झाली नाही. तू सांग, राउटर बिघडला होता म्हणून. तुझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे. सुनेवरचा आळ जाईल आणि हिलाही... सांगशील?"

मावशी उठली. तिचाही जीव त्याच वाटेने ओढत होता. एका खोट्यात सगळं मिटत होतं: सून सुटत होती, टेम्पो परत जात होता, ताई थोरल्याला निळ्या स्वेटरातला, धडधाकट, मिशीत एक पांढरा केस असलेला म्हणून आठवत राहिली असती. मेलेल्या पोराचीही तीच इच्छा होती. कुणाचं काय बिघडणार होतं?

तिने पदराने चेहरा पुसला आणि आत गेली.

५

"सापडलं," ती हॉलमध्ये येऊन म्हणाली. धाकटा आणि सून दोघंही दारात उभी होती. "राउटरमध्येच दोष निघाला. जुना झालाय. सुनेचा काही संबंध नाही, ताई. कुणाचाच नाही."

ताईने तिच्याकडे पाहिलं. पडदा खराब झालेल्या डोळ्यांना तिचा चेहरा किती दिसला असेल कोण जाणे. पण त्या दोघी एका आईच्या होत्या.

"तू परीक्षेत नापास झालीस तेव्हा आईला याच आवाजात सांगितलं होतंस, निकाल लागला नाही म्हणून," ताई म्हणाली. "बस इथे. नाव सांग."

"ताई, ऐक माझं..."

"नाव."

मावशी स्टुलावर बसली. तिने हजारो लोकांना त्यांच्या लाइनीत काय झालंय ते सांगितलं होतं. घरच्या माणसाला सांगायची ही पहिलीच वेळ होती.

"तुझ्या कॉम्प्युटरला घरात येणारं नेट कुणीतरी मुद्दाम बारीक करून ठेवलं होतं," ती म्हणाली. "बाहेर जाणारं मात्र पूर्ण मोकळं. ज्याने केलं त्याला तुला त्रास द्यायचा असता, तर त्याने दोन्ही बंद केलं असतं. पण त्याला तू दिसायला हवी होतीस. हनुवटीवरचं पीठ, तुटलेलं बटण. तो तुला बघत होता, ताई, आणि तुला मात्र त्याला बघू देत नव्हता."

ताईने टेबलाची कड धरली.

"मास्तरचं नेट नीट केल्याशिवाय ज्याने फोन ठेवला नाही, त्याने आपल्या आईचं नेट महिनोन्महिने तसंच का राहू दिलं? रोज तू ओरडत होतीस, दिसत नाहीस, दिसत नाहीस. आणि जगभरची नेटं दुरुस्त करणारं तुझं पोरगं एकदाही म्हणालं नाही, की आई, थांब, बघतो. मला दुसऱ्या कुणाचं नाव सुचेना. फोनवर तो कॅमेरा लावायचा नाही, कारण धाकट्याच्या फोनवर त्याचा हात चालत नव्हता. इथे चालत होता. ताप आला म्हणाला तेव्हाच त्याने हे केलं. तो ताप नव्हता."

"काय होतं?" हे धाकट्याने विचारलं, अगदी लहान मुलाच्या आवाजात.

उत्तर दारातून आलं. भाऊजी अंगणातून आत आले होते, पायांना चिखल तसाच. त्यांनी दुखण्याचं नाव घेतलं. मग सगळं सांगितलं, जसं मावशीला सांगितलं होतं तसं, एकही शब्द मऊ न करता. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. सूनही त्याच्याजवळ खाली बसली आणि तिने त्याचं डोकं खांद्यावर घेतलं.

ताई मात्र ताठ बसून होती. बोलली ती आधी सुनेशी.

"मी तुला चोर म्हटलं."

"हो, आई."

"ऊठ, इकडे ये म्हणायचं तोंड नाही मला. तुला जायचं असेल तर जा. पण माझ्या बोलण्यामुळे जाऊ नकोस. चूक माझी होती."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला थोडा वेळ लागेल," ती म्हणाली. खोटं काही बोलली नाही. ताईने मान डोलावली. एवढं मिळालं तरी पुष्कळ, अशी.

मग ती नवऱ्याकडे वळली. मावशीला वाटलं, आता ही ओरडेल, काहीतरी भिरकावेल, निदान म्हणेल की तुम्ही माझे कुणी नाही. आणि तसं म्हणायचा तिला हक्क होता.

"तुम्ही त्याला बघितलंत?" ताईने विचारलं.

भाऊजींना प्रश्न कळला. "माझ्या फोनवर लावायचा कॅमेरा," ते म्हणाले. "शनिवारी. मी बाजारात जायचो ना, पिशवी घेऊन, तेव्हा पुलाच्या कठड्यावर बसून बोलायचो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटच्या शनिवारपर्यंत."

"म्हणजे तुम्हाला दिसत होता." ती क्षणभर थांबली. "आणि मी इथे चौकोन मोजत होते."

 धाकटा उठू लागला; मावशीने त्याला हाताने थांबवलं. संध्याकाळ झाली होती, वर मास्तरचा कुठलातरी विद्यार्थी तीच एक ओळ पुन्हा पुन्हा चुकत होता.

ताईने स्क्रीन बंद केला. शेजारचं स्टूल मावशीने रिकामं केलं होतं, ते तिने पायाने नवऱ्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "कसा दिसत होता ते सांगा. बरा दिसत होता म्हणून सांगाल तर उठून जाईन मी."

भाऊजी बसले. चिखलाचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी गुडघ्यांवर ठेवले. 

"तुम्हा दोघींच्या वडिलांसारखा," ते म्हणाले.

मावशी जवळ सरकली. तिच्याही वडिलांबद्दल चाललं होतं ना.

"लहानपणी माझ्यासारखा म्हणायचे सगळे त्याला. पण अंगावरचं मांस उतरलं, आणि आतून तुमचे वडील निघाले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुलावर माझ्या हातून पिशवीच सुटली."

"गालफडं बसलेली," ताई म्हणाली.

"हो."

"कान मोठे दिसत असतील."

"फार मोठे. आणि हसला की कपाळाची शीर..."

"डाव्या बाजूची," मावशी न राहवून म्हणाली.

"डाव्या बाजूची," भाऊजी म्हणाले.

ताईने डोळे मिटले. आता तिला कुठल्याच पडद्याची गरज नव्हती. तिचा हात हवेत वर आला आणि समोर कुणीतरी बसलं असावं तसा हळूहळू खाली उतरला: कपाळ, शीर, खोल गेलेला गाल, कान. हनुवटीपाशी येऊन तो थांबला.

"दाढी करत होता?" तिने विचारलं.

"रोज करायचा," भाऊजी म्हणाले. "तुझ्याशी बोलायच्या आधी."

तेव्हा ताई रडली.